दादाच्या नावाची बाटली

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमच्या थोरल्या भावाकडं पाहून मला ते फार लवकर पटलं. एकोणीसशे पन्नासच्या दशकात आम्ही दोघं साताऱ्याकडून येऊन पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात लागलो. मी कायम झालो. दादाची तेवढी वैद्यकीय तपासणी राहिली होती, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या लघवीतून रक्त जायला लागलं.

"उष्णता झालीया," म्हणत तो सब्जाचं पाणी पीत राहिला. तपासणीच्या सकाळी त्यानं आपल्या नावाची बाटली माझ्या हातात कोंबली.

"तुजी भर. एका आईची पोरं आपण, कोण वळखतंय?"

"दादा, आधी डाक्टरला दाव की."

"कायम झाल्यावर दावतो. भर तू."

मी भरली. त्याच्यापुढं माझं कधी चाललंय! दादा पास झाला, पेढे वाटले. पुढं रक्त आपोआप थांबलं तेव्हा उलट मलाच भित्रा म्हणाला.

दोन वर्षांनी त्याच्या कुशीत नारळाएवढी गाठ हाताला लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी शिरेतून औषध देऊन फोटो काढले. गाठ उजव्या मूत्रपिंडावर होती आणि डावं जन्मापासूनच सुपारीएवढं, निकामी. म्हणजे उजवं सगळं काढलं की माणूस संपला. गाठ तेवढी कापून चांगला भाग राखायचा, असं त्या काळी क्वचितच कुणी करायचं, तेही लहान गाठ असली तर.

"आधी कधी रक्त गेलं असणार," डॉक्टर म्हणाले. "कारखान्यात लघवी तपासली नव्हती?"

"तपासली की," दादा म्हणाला. "पास झालो."

त्याच्या कानफटात द्यावीशी वाटली मला. पण बाटली मीच भरली होती, तेव्हा मीही गप्प बसलो. ती चीड अजून गेलेली नाही.

डॉक्टरांनी हिंमत केली. गाठ काढली, अर्धं मूत्रपिंड राखलं. ते चाललं तर दादा जगणार होता. खाटेखालच्या बाटलीत नळी सोडली होती, आणि दोन दिवस तिच्यात थेंब आला नाही. मी बाटलीकडं बघत बसून होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळी ओली झाली.

"किती आलं रं?" दादानं डोळे मिटूनच विचारलं.

"चार बोटं."

"त्यातली तुजी न्हाई न्हवं?"

मला इतका राग आला, की व्हरांड्यात जाऊन मी ढसाढसा रडलो.