जंगलाची किंमत विचारणाऱ्या आम्ही दोघी

जळगावात अर्थशास्त्रात एम.ए. करून आम्ही दोघी मैत्रिणी संशोधनाला लागलो, तेव्हा आमच्या विभागात कापूस, केळी आणि डाळमिल यांच्यापलीकडे विषय जात नसे. झाडं, नाले, डोंगर हे वनस्पतिशास्त्रवाल्यांचं, असं सगळे धरून चालले होते. आमचे सर मूळचे धुळ्याचे. त्यांनी एक दिवस आम्हाला बोलावून सांगितलं, "सातपुड्याच्या पायथ्याला जा. तिथली घरं शेतीवर जेवढी चालतात, तेवढीच जंगलावर चालतात असं मला वाटतं. ते मोजून आणा."

विभागाच्या बैठकीत एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी चष्मा काढून विचारलं, "लाकूडफाटा मोजायचा? यात अर्थशास्त्र कुठे आलं?"

"त्यावरच चूल पेटते ना," सर म्हणाले. "मग घरखर्चात ते का धरायचं नाही?"

विभागाची परवानगी मिळाली, मैत्रिणीच्या घरून मिळेना. तिचे अब्बा पत्र्याच्या पेट्या बनवत. नशिराबादला घराच्या ओट्यावरच त्यांचं दुकान होतं. मुलगी कोणाच्या घरी राहणार हे पाहिल्याशिवाय ते हो म्हणणार नव्हते. म्हणून पहिल्या खेपेला ते स्वतः आले. चोपड्यापर्यंत एसटी, पुढे दुसरी एसटी, मग पायी. ज्या घरी आमची सोय केली होती तिथे आबा आणि अक्का असं मध्यमवयीन जोडपं राहत होतं. अब्बांनी खाट हलवून पाहिली, दाराची कडी लावून पाहिली. कडी वाकडी होती. अंगणातला दगड उचलून त्यांनी ती ठोकून सरळ केली, आबांबरोबर चहा घेतला आणि मला म्हणाले, "बेटा, दोघी एकत्रच फिरा." मग दुपारच्या गाडीने परत गेले.

आमचं काम असं होतं: बाया जंगलातून मोळ्या घेऊन आल्या की आबांच्या अंगणातल्या कडुनिंबाला बांधलेल्या ताणकाट्यावर त्या तोलायच्या. मोहाची फुलं, टेंभुर्णीची पानं, चारोळी, गवत, सगळंच तोलायचं. मी वजन लिहायची, मैत्रीण बोलायची. ती दोन दिवसांत अहिराणी बोलायला लागली होती. एका सकाळी बायांनी तिला चिडवलं, नुसतं तोलतेस काय, डोक्यावर घेऊन बघ. ती हट्टाने मोळी घेऊन नाल्यापर्यंत गेली, तिथे मटकन बसली. सगळ्या हसल्या, तीही हसली. मग संध्याकाळी अक्काने तिची मान तेल लावून चोळून दिली. त्या उन्हाळ्याइतकी मोकळी हवा मी पुन्हा कधी अनुभवली नाही.

पुढे काही वर्षांनी, ती धुळ्याच्या कॉलेजात आणि मी जळगावात शिकवायला लागल्यावर, विषयाचा चेहराच बदलला. आता लाकूडफाटा तोलण्यात कोणाला रस नव्हता. जंगलाची, नदीची, स्वच्छ हवेची किंमत लोकांनाच विचारायची, अशी पद्धत आली होती. आम्हाला पुण्याच्या एका संशोधन संस्थेकडून छापील प्रश्नावली आली आणि आम्ही ती घेऊन त्याच गावी गेलो.

आबा ओट्यावर बसले होते. मी विचारलं, "आबा, हे जंगल असंच राहावं म्हणून तुम्ही वर्षाला किती पैसे द्याल?"

आबा प्रेमाने म्हणाले, "तूच सांग ना व माय, कितला सांगू?"

"मी नाही सांगायचं. तुमच्या मनातलं सांगा."

"तुले कितला पाहिजे?"

त्यांना वाटलं, आम्ही वर्गणीला आलोय. ओळखीच्या पोरींना नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी ऐपतीबाहेरचा आकडा सांगितला. पुढच्या घरीही तेच झालं. मैत्रिणीने प्रश्नावली पिशवीत टाकली.

"मी हा प्रश्न नाही विचारणार," ती म्हणाली. "ही माणसं आपल्याला खूश करायला बोलताहेत."

"आणि आकडाच नसला तर?" मी म्हणाले. "धरणाचा, रस्त्याचा हिशेब होतो तेव्हा जंगलाच्या रकान्यात शून्य पडतं. ते चालेल तुला?"

"चुकीचा आकडा चालेल?"

आम्ही भांडलो, आणि चांगल्याच भांडलो. एसटीच्या थांब्यावर दोघी दोन टोकांना बसलो. गाडी काही येईना. शेवटी तिनेच पिशवीतली शेंगांची पुडी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "प्रश्न राहू दे. पण त्याच्याखाली 'का' असं विचारू, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहू." तसंच केलं. पुण्याच्या लोकांनी अहवालातून त्या उत्तरांची पानं काढून टाकली. सरांनी मात्र ती मागून घेतली आणि वर्गात वाचून दाखवली.

आता मी निवृत्त आहे. माझ्या जुन्या विभागातली एक संशोधक मुलगी गेल्या हिवाळ्यात लॅपटॉप घेऊन घरी आली. उपग्रहाच्या चित्रांवरून ती सातपुड्याची झाडी, पाऊस आणि उपसलेलं पाणी यांचा मेळ लावते. तिने ते गाव काढून दाखवलं. एकेक वर्ष पुढे सरकत गेलं आणि गावामागचा डोंगर माझ्या डोळ्यांदेखत उघडा पडत गेला. आम्ही त्या अंगणात बसून मोळ्या तोलत होतो, आणि मागे काय चाललंय ते आम्हाला इतकं स्पष्ट कधी दिसलंच नव्हतं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मग अलीकडच्या चित्रांत डोंगराच्या एका कुशीत हिरवा तुकडा उमटला आणि दरवर्षी पसरत गेला.

"मॅडम, हे कशामुळे झालं ते लोकांना विचारायचंय," ती म्हणाली. "तुम्ही दोघी याल?"

मी लगेच धुळ्याला फोन लावला. मैत्रिणीचे गुडघे दुखतात, तरी मुलीच्या गाडीतून आम्ही चोपड्याला पोचलो तेव्हा ती स्टँडवर आमच्या आधी येऊन उभी होती.

आबा आता नाहीत. अक्काला नीट दिसत नाही. मैत्रीण अंगणात "अक्का!" म्हणाली, तशी अक्काने मान वर केली.

"पेटीवालानी पोर शे का?"

मैत्रीण अक्काच्या शेजारी खाटेवर बसली आणि तिचा हात धरून राहिली.

त्या हिरव्या तुकड्याची गोष्ट अक्काच्या सुनेने सांगितली. वनहक्काचे कागद मिळाल्यावर गावाने तो डोंगर आपणच राखायचं ठरवलं. पाळीने बाया राखणीला जातात, कुऱ्हाड न्यायची नाही, गवत कापून न्यायचं. ती आम्हाला वर घेऊन गेली. अंजन, धावडा, बांबू, सगळं दाट झालं होतं. संशोधक मुलगी मोबाईलवर एकेक कोपरा टिपत पुढे पळत होती, आणि सुनेला विचारत होती, भांडणं झाली का, कोणी ऐकलं नाही तर काय करता. सून खळखळून हसली आणि भांडणांचेच किस्से सांगायला लागली. आम्ही दोघी हळूहळू मागून चालत होतो.

"हिचं काम आपल्यापेक्षा चांगलं होणार," मैत्रीण म्हणाली.

"होऊ दे की," मी म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

खाली आलो तर अक्काने भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी करवून ठेवली होती. "जेवाले बठा," ती म्हणाली. जेवण झाल्यावर मुलगी निघायची घाई करू लागली. आम्ही तिला गाडीत थोडी झोप घ्यायला सांगितलं आणि अक्काजवळ बसून राहिलो. कोण कोण गेलं, कोणाची पोरं कुठे असतात, ते ती सांगत होती, आणि आम्हाला उठावंसं वाटत नव्हतं.