पंचमीचा मुराळी

आमच्या ह्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि ह्यांची नोकरी उदगीरच्या तहसील कचेरीत. अक्षर असं, की लोक मुद्दाम अर्ज लिहून घ्यायला येत. मराठी मात्र वाचायचे तेही अडखळत, लिहायचं तर नावच नको. आणि मी निरक्षर. नांदेडला माहेरी पत्र पाठवायचं म्हणजे मी सांगायचं, ह्यांनी उर्दूत लिहायचं आणि तिकडे आमच्या गल्लीतल्या अत्तरवाल्या चाचांनी ते आईला मराठीत वाचून दाखवायचं. माझी खुशाली आईला अशी दोन पुरुषांच्या हातून चाळून मिळायची.

त्यात ह्यांची कचेरीची सवय. कार्ड एवढंसं, त्यातलं निम्मं सलाम-आदाबातच संपायचं. मग मला म्हणायचे, "बोल लौकर, जागा संपून राहिली."

जागा उरली असती तरी मी काय सांगणार होते? लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि एकदाही पंचमीला माहेरी जाणं झालं नव्हतं. पहिल्या वर्षी सासूबाई आजारी होत्या. दुसऱ्या वर्षी न्यायला मुराळी म्हणून भाऊ यायचा, तो आलाच नाही. पोरगी मजेत आहे, तिकडं तिची गरज असेल, असं आईला वाटलं. वाटणारच, दर पत्रात मी मजेतच असायची. झोका आणि मैत्रिणी हव्या होत्याच, पण खरं म्हणजे मला आईजवळ नुसतं पडून राहायचं होतं. मात्र मला न्यायला पाठवा, हे नवऱ्यालाच कसं लिहायला सांगायचं? सासरी लगेच निघालं असतं, इथं हिला काय कमी पडलं?

तिसऱ्या वर्षी पंचमीला पंधरा दिवस राहिले तेव्हा मी धीर करून म्हणाले, "लिवा, परसातल्या लिंबाची फांदी लई जाड झाली. झोका बांधायजोगी हाय." आई यावरून ओळखेल, अशी माझी हुशारी.

ह्यांनी टाक थांबवला. "लिंबाचं कशाला? जागा न्हाई."

असा संताप आला म्हणता! उठून चुलीपाशी गेले आणि भाकरी अशी थापायला लागले की सासूबाई डोकावून गेल्या. हे मागं बराच वेळ लिहीतच होते. चालले असतील आदाब, म्हटलं.

आठव्या दिवशी भाऊ दारात उभा. मी आनंदानं तिथल्या तिथं बोचकं बांधायला घेतलं. वाटेत मोटारीत त्याला विचारलं, तर म्हणाला, "मला काय ठाऊक? चाचा आईला म्हणाले, यंदा पोरीला आणा."

पंचमी झाल्यावर मी चाचांकडे गेले. तुम्हाला कसं सुचलं, म्हणून विचारलं. चाचा आधी नुसतेच हसले. मग म्हणाले, "जावईबापूनं मना केलंय. पण बेटी, माझ्या पोटात राहून नै राहिलं. जा, ते कार्ड घेऊन ये."

आईनं सगळी कार्डं जपून ठेवली होती. त्यातलं शेवटचं मी नेलं. चाचांनी ते आडवं धरलं. कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत काही लिहिलेलं होतं. त्यांनी वाचलं, "चाचासाहेब, हे मोठ्यानं वाचू नका. नांदेडची मोटार जाते तेव्हा ही रोज दारात जाऊन उभी राहते. तोंडानं काही म्हणत नाही. कुणाला तरी न्यायला पाठवा. मी लिहिलं हे तिला कळू देऊ नका, ती लाजेल."

मी ते पुन्हा वाचायला लावलं. फार बरं वाटलं. थोडा रागही आला, एवढं दिसत होतं तर तोंडानं बोलायला काय झालं होतं? पण तोंड मला तरी कुठं होतं? परत आल्यावर मी ह्यांना काही कळू दिलं नाही. महिनाभर ताटात तूप तेवढं सढळ हातानं वाढलं. ते म्हणाले, माहेरी जाऊन आल्यावर बायका सुधारतात.

आता ह्यांचे दात गेलेत. नातींना मधूनमधून सांगतात, "तुमच्या आजीचा भाऊ मोठा मायाळू. न बोलावता न्यायला आला होता."

मी म्हणते, "हाव, लई मायाळू."