बंद खोलीतली हालचाल

तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; पण अंगावर काटा आला तो एकाच प्रकरणात, आणि ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यात चमचाही चोरीला गेला नव्हता.

भारनियमनाची वर्षं होती. मी शिरूर तालुक्यात फौजदार होतो. कारेगावला एका कारखान्याचे मॅनेजर एकटे राहत. आई वारल्यावर त्यांनी घराला अलार्म बसवला. दागिन्यांचं कपाट आईच्या खोलीत, म्हणून हालचाल टिपणारं यंत्रही तिथेच. आत काही हललं की भोंगा वाजे आणि ठाण्याचा फोन आपोआप लागे. पलीकडून मॅनेजरांचाच रेकॉर्ड केलेला, अगदी शांत आवाज येई : "माझ्या घरात कोणीतरी आहे."

पंधरा दिवसांत नऊ वेळा आम्ही गेलो, तेही भरदिवसा. कुलूप शाबूत, खिडक्या बंद. किल्ली मॅनेजरांकडे आणि ते कारखान्यात. रविवारी अलार्म कंपनीचा माणूस आला, त्याने जळमटं काढली, पाल हाकलली आणि सिस्टीम ओके असल्याचं लिहून दिलं.

"यंत्र खोटं बोलत नाही, साहेब," मॅनेजर म्हणाले. "बाईकडे दुसरी किल्ली आहे. उचला तिला."

बाई म्हणजे त्यांच्या आईची दहा वर्षं सेवा केलेल्या मावशी. संध्याकाळी मॅनेजर घरी आले की त्या स्वयंपाकाला येत. आळ टिकला असता तर गावात त्यांना दुसरं घर मिळालं नसतं.

महिला शिपायासमोर त्यांची चौकशी केली.

"किल्ली आहे?"

"न्हाई."

"मग दुपारी आत कोण जातं?"

"आईच येत्यात, साहेब."

हवालदार हसला.

"हसू नका, मामा. सांजच्याला दिवा लावाया जाते, तर बंद खोलीत पंखा फिरतोय. रोज. मी गपचिप बंद करते. त्यांना उकाडा सोसायचा न्हाई."

"मालकांना का नाही सांगितलं?"

"लेकाला काय सांगू? आई अजून घरातच हाय म्हणून?"

तेवढ्यात ठाण्यात लाईट आली. आमचा पंखा कुरकुरला. मिनिटाभरात फोन वाजला : "माझ्या घरात कोणीतरी आहे."

मावशी माझ्यासमोर बसलेल्या होत्या. हवालदार आता हसत नव्हता.

स्टेशन डायरी काढली. पहिल्या आठवड्यातले फोन अकराचे, दुसऱ्यातले दीडचे. भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवरच होतं. वीज येण्याच्या वेळा त्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरांना सांगितलं, "रोज निघताना करता ते सगळं करा." वीज गेलेली होती. ते खोलीत गेले, शिरताच पंख्याचं बटण दाबलं, आईच्या फोटोला हात जोडले आणि बाहेर आले.

"बटण का दाबलंत?"

"कुठलं बटण?"

आईच्या खोलीत शिरलं की आधी पंखा लावायचा, ही जुनी सवय. हाताला आई गेल्याचं कोणी कळवलं नव्हतं.

अलार्म चालू करून घराला कुलूप लावलं, खिडकी तेवढी उघडी ठेवली. दीडच्या आधी सगळे बाहेर जमलो. वीज आली. पंखा फिरू लागला. दांडीवरचं आईचं लुगडं फुगलं, आत कोणी उभं राहिल्यासारखं. मग पदर उचलला गेला आणि दाराकडे वळला. भोंगा वाजला. कारण ठाऊक असूनही हवालदार दोन पावलं मागे सरकला. मॅनेजर गजांना कपाळ टेकून उभे होते. भोंगा बंद करायची त्यांना घाई नव्हती.

तेव्हापासून मी तपासात 'कोण' विचारण्याआधी 'कधी' विचारू लागलो. यंत्र खोटं बोलत नाही, हे मान्य. पण ते कोणाचं नावही घेत नाही. नाव माणसं घेतात.

मॅनेजरांनी माफी मागितली, कामावर राहा म्हणाले.

"आई असत्या तर ऱ्हायले असते, दादा," मावशी म्हणाल्या. "त्या न्हाईत, हे आता साहेबांनीच दाखवलं."

दुसऱ्या दिवसापासून त्या शेजारच्या बंगल्यात कामाला लागल्या. तिथे राखणीला यंत्र नाही, कुत्रा आहे.