येमा म्हणजे आई

शैलेंद्र परचुरे बावीस वर्षं अमिरातीत आहेत आणि त्यांना अरबी येतं. किती येतं? यल्ला, खलास, हबीबी आणि इन्शाल्ला. एवढ्या चार बांबूंवर त्यांनी विद्वत्तेचा मांडव घातलाय. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणारी एक कंपनी आहे, तिथे हे परचेस मॅनेजर. हाताखालचा कोणी रजा मागायला आला की हे गोड हसून म्हणणार, "इन्शाल्ला, हबीबी." रजा मिळत नाही हे त्या बापड्याला दारातच कळतं.

तर या गृहस्थांना तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष व्हायचं होतं. गेली नऊ वर्षं ती खुर्ची वसंतरावांकडे. वसंतरावांचं बर दुबईत मिठाई-फरसाणाचं दुकान, शिक्षण दहावी. "पेढेवाला मंडळ चालवतो आणि आपण टाळ्या पिटतो!" असं शैलेंद्र रोज जेवताना म्हणायचे, वसंतरावांच्याच दुकानातली शेव ताटात ओतून घेत.

यंदा वसंतराव स्वतःच बाजूला व्हायचं म्हणत होते. गणपतीत त्यांच्या घरी सगळं मंडळ जमतं आणि पुढचा माणूस तिथेच ठरतो. त्याआधी छाप पाडायला हवी. म्हणून ऑगस्टात स्वारी निघाली स्पेनला, सोबत पत्नी सुचित्रा आणि कॉलेजातली लेक अस्मिता.

माद्रिदहून रेल्वेनं गेले आविलाला. गावाभोवती अख्खा दगडी कोट, ऐंशीच्या वर बुरूज. शहाणा माणूस बघून गप्प होतो. शैलेंद्र म्हणाले, "ह्यॅ! राजगडापुढे हे म्हणजे सोसायटीचं कंपाउंड." आणि राजगड यांनी कुठून पाहिलेला? पायथ्याच्या गुंजवण्यातून, पिठलं-भाकरी खाताना. कोटावर चढायच्या तिकिटाचे त्यांनी आधी दिरहम केले, मग रुपये केले, आणि जाहीर केलं की तटबंदी खालूनच नीट कळते.

एका दरवाजाचं नाव मात्र त्यांना सापडलं. "पाहिलंस? अल्काझार! अल-कस्र, म्हणजे राजवाडा. अरबी आहे, आपली!"

"पापा, ऑडिओ गाइड जस्ट सेड दॅट," अस्मिता म्हणाली.

आंधळ्यानं मारलेला दगड एकदा आंब्याला लागला की तो बाग राखायला निघतो. दरवाजाजवळच्या दुकानात काचेमागे पिवळेधमक गोळे मांडलेले, वर साखर, खाली कागदी वाटी. हुबेहूब केशरी पेढे.

"अहो, विचारा ना, अंडं नाही ना यात? श्रावणी सोमवार आहे आज."

विचारायचं? परचुऱ्यांनी? दुकानदारीण बोट दाखवून म्हणाली, "येमास."

"ऐकलंस? येमा! आमच्या ऑफिसातला अमिराती पीआरओ आईचा फोन आला की काय म्हणतो? युम्मा! युम्मा, येमा, एकच. आईच्या हातची मिठाई. आई कधी अंडं घालते का?"

"पापा, जस्ट गूगल इट."

"गूगलला काय कळतंय अरबी!"

सहा डबे घेतले. परतताना गाडीत सुचित्रानं भक्तिभावानं सात येमा खाल्ल्या.

गणपतीच्या दिवशी वसंतरावांचा हॉल भरलेला. सविताकाकू, म्हणजे वसंतरावांच्या पत्नी, मोदकांचं ताट घेऊन मूर्तीसमोर बसणार, इतक्यात शैलेंद्र पुढे झाले आणि मोदकांच्या डोक्यावर डबा उघडून म्हणाले, "थांबा वहिनी. बाप्पाला यंदा दुकानातलं नको, आईच्या हातचं." मग अल-कस्रपासून युम्मापर्यंत सगळं झालं. माणसं कौतुकानं माना डोलवत होती. खुर्ची हातभर अंतरावर आली होती.

वसंतरावांनी एक गोळा उचलला. खाल्ला नाही. पस्तीस वर्षं खवा हुंगलेलं नाक ते. गोळा नुसता जवळ नेला आणि पुन्हा डब्यात ठेवला.

"बाळ अस्मिता, डब्यावर काय लिहिलंय गं?"

अस्मितानं बापाकडे पाहिलंही नाही. "एग योक, काका. येमा मीन्स योक. आय टोल्ड हिम टु गूगल इट."

सविताकाकूंनी ताट अलगद मागे ओढलं.

"तसं शैलेंद्ररावांचं चुकलं नाही," वसंतराव म्हणाले. "आईचंच आहे. फक्त आई कोंबडी आहे."

जो हशा उसळला तो थेट पॅसेजमधल्या चपलांपर्यंत गेला. त्यात सुचित्राचा आवाज फुटला, "अहो, सात खाल्ल्या मी! श्रावणी सोमवारी!" तेव्हा तर एकदोघांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

आरती झाली, प्रसाद झाला. शैलेंद्र निर्लज्ज नव्हते असं नाही. निघताना त्यांनी वसंतरावांना दाराशी गाठलंच. "मग ते अध्यक्षपदाचं... माझं नाव आहे ना?"

वसंतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड हसले.

"इन्शाल्ला, हबीबी."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच शैलेंद्रना एक अरबी शब्द पूर्ण समजला. लिफ्टमध्ये उरलेले पाच डबे त्यांच्या हातात होते, आणि सुचित्रा जिन्यानं उतरत होती.