खिसेसरांचा डावा हात

सरांचा डावा हात आम्ही जवळजवळ पाहिलाच नाही. तो कायम पॅन्टच्या खिशात असे. शिकवताना, चहा पिताना, जिन्यावर कुणाशी बोलताना उजवा हात एकटा राबत असायचा आणि डावा आपला खिशात मुक्कामाला. नव्या पोरांना वाटे, काय स्टाइल मारतोय हा माणूस. आम्ही त्यांना खिसेसर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलला आम्ही मुली मोजक्याच. मशीन लॅबच्या पहिल्या दिवशी त्या अगडबंब मोटारी आणि लोंबणाऱ्या वायरी बघून आम्ही भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. सरांनी हाताचा उलगडा तेव्हा केला. "दोन्ही हात कामात असले तर करंट एका हातातून शिरतो, छातीतून जातो आणि दुसऱ्या हातातून निघतो. छातीत काय असतं?"

"हार्ट, सर," कुणीतरी म्हणालं.

"मग त्याला कशाला मध्ये आणता? डावा हात खिशात."

मुलांनी पटापट हात खिशात घातले. आमच्या कुर्त्यांना खिसेच नव्हते. सर दमले की त्यांच्या तोंडात मालवणी यायची. "तुझो खिसो खंय गो?" त्यांनी मला विचारलं आणि मग सगळ्या मुलींना सांगितलं, "आईकडून शिवून घ्या. खिसा नाही तर प्रॅक्टिकल नाही."

घाटकोपरच्या आमच्या खोलीत आई शिलाई मशीनवर बसली ती बडबडतच. "एवढं शिकून बसची कंडक्टर होणारेस का गं?" पण खिसा शिवला. पुढच्याच महिन्यात जोडणी करताना एक सुटी वायर माझ्या बोटाला लागली. उजवा हात खांद्यापर्यंत झिणझिणला, तेवढंच. डावा खिशात होता. सरांनी धावत येऊन मेन बंद केला, मला स्टुलावर बसवलं, आणि मी जरा सावरल्यावर म्हणाले, "आईला थँक्यू सांग." घरी आईने हे सगळं ऐकून घेतलं. तिने कपाटातले माझे उरलेले सगळे कुर्ते काढून मशीनपाशी ठेवले.

खिसेसर पर्मनंट नव्हते. तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जितके तास शिकवाल तितकाच पगार, आणि वर्ष संपलं की नोकरीही संपली. जून आला की पुन्हा अर्ज, पुन्हा नेमणूक. सकाळी दहिसरहून यायचे, संध्याकाळी बोरिवलीच्या एका क्लासमध्ये शिकवायचे. एकदा ट्रान्सफॉर्मरची आकृती काढता काढता त्यांचा खडू फळ्यावर टेकला तो टेकलेलाच राहिला. सर उभ्या उभ्या झोपले होते. डावा हात तेव्हाही खिशात. एरवी उच्छाद मांडणारा आमचा वर्ग चिडीचूप बसून राहिला. जाग आल्यावर त्यांनी विचारलं, "कुठे होतो रे आपण?"

"सेकंडरीवर, सर."

"हां," म्हणाले आणि पुढे शिकवू लागले.

पर्मनंटचं काय झालं, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "लाइन आलीये. सप्लाय यायचाय." म्हणजे तारा ओढून झाल्या, वीज तेवढी यायची राहिली. ते हसायचे, आम्हीही हसायचो. घरी सांगितलं तेव्हा आई मात्र हसली नाही. त्या शॉकनंतर सर तिला घरातलेच वाटू लागले होते. दर थोड्या दिवसांनी ती विचारायची, "झाले का गं तुझे सर पर्मनंट?"

आमच्या शेवटच्या वर्षी एकदाची जाहिरात आली. जागा एकच, त्यांच्याच विषयाची. वयाच्या अटीत ते जेमतेम बसत होते, तेव्हा ही संधी शेवटची. आमच्या वर्गाला त्यांच्यापेक्षा जास्त टेन्शन. "सर, इंटरव्ह्यूला हात बाहेर ठेवा ना प्लीज," आम्ही विनवलं. "उगाच वाट लागायची." इंटरव्ह्यूच्या दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले ते हात खिशात घालूनच. "बाहेर ठेवला होता रे," म्हणाले. "पण त्याचं करायचं काय, तेच कळेना. टेबलावर ठेवला, मांडीवर ठेवला. निम्मं लक्ष त्याच्याकडेच."

जागा दुसऱ्याला मिळाली. तरुण होता, पीएच.डी. झालेला. "चांगला मुलगा आहे, त्याला छळू नका," सरांनी आम्हाला बजावलं. आता जागा भरली होती, त्यामुळे तासिकांची गरजही उरली नव्हती. ज्या जागेची त्यांनी एवढी वर्षं वाट पाहिली, तिनेच त्यांना बाहेर काढलं. आम्ही प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नियम सांगितला. कुणावर चिडावं तेही आम्हाला समजेना.

शेवटच्या प्रॅक्टिकलनंतर सरांनी मेन स्विच बंद केला. मग टेस्ट लॅम्प लावून पाहिला, कारण बंद केलंय या शब्दावर त्यांचा कधीच विश्वास नसे. दिवा लागला नाही. तेव्हा त्यांनी डावा हात खिशातून काढला. मी तो पहिल्यांदाच नीट पाहिला. उजवा हात खडूने भेगाळलेला होता, नखांत पांढरी भुकटी. डावा मात्र मऊ, स्वच्छ, कुणा तरुण माणसाचा असावा तसा. ते दोन्ही हात त्यांनी आम्हाला जोडले. "येतो रे. जपून राहा," म्हणाले आणि गेले. मला रडू फुटलं, आणि मी ते आवरलंही नाही.

आता मी मुलुंडजवळच्या एका सबस्टेशनवर आहे. शिफ्ट संपवून घरी आले की बोलायचंही त्राण नसतं. सरांचा नंबर बदललाय. कुणी म्हणतं ते अजून क्लासमध्ये शिकवतात, कुणी म्हणतं गावी गेले. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती बहुतेक मी दमलेली असतानाच येते.

नवा कुर्ता आणला की आई अजूनही न सांगता मशीन उघडते. परवाही सुईत दोरा ओवता ओवता तिने विचारलं, "झाले का गं तुझे सर पर्मनंट?"

खरं काय ते तिला सांगायला माझी जीभ आजवर रेटलेली नाही.

"लाइन आलीये," मी म्हणाले. "सप्लाय यायचाय."

"येईल," आई म्हणाली आणि खिसा शिवू लागली.