वेल्डिंगचं टेबल आणि चर्चचं गेट

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. तुमची भागीदारी का मोडली, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, "स्वभाव जुळले नाहीत." फार सोयीचं उत्तर आहे. त्यात कोणाचीच चूक नसते, आणि ज्याची असते त्याला तेच हवं असतं.

परवा नात्यातला एक जण मिरजगावहून आला. त्याला वर्कशॉप टाकायचंय, टेबल कसं घ्यावं हे विचारत होता. मोबाईलवर त्याने परदेशी टेबलं दाखवली, भोकाभोकांची, आरशासारखी. मी त्याला बराच वेळ ऐकवलं. टेबल चकचकीत नको, सपाट हवं. प्लेट जाड घे. फ्रेमला वेल्ड करू नको, बोल्टात बसव, म्हणजे कुठे खाली बसली तर पत्र्याच्या तुकड्यांचं पॅकिंग देऊन उचलता येते. तो भारावून म्हणाला, "काका, तुमचा अनुभव लई दांडगा हाय." मी मान डोलावली. लाज वाटायला हवी होती, पण चहा मागवला.

कारण यातलं एक अक्षरही माझं नव्हतं.

भिंगारजवळ आमची शेड होती, दोघांची. भागीदार भिंगारच्याच ख्रिस्ती कुटुंबातला. हात सफाईचा, तोंड फाटकं. वेल्डिंग मलाही येत होतं, पण मला वेल्डिंगपेक्षा बोर्डावरचं स्वतःचं नाव जास्त आवडायचं. जमिनीवर उकिडवं बसून दोघांच्याही कमरा गेल्या, तेव्हा टेबल करायचं ठरलं. भंगारातून एक चांगली प्लेट मिळाली.

"बोल्टात बसवू," तो म्हणाला. "वेल्ड मारलास तर तापून पापड हुईल तिचा."

"प्लेट आहे ती. पापड कसला?"

"तू भाजल्यावर पापडच, शेठ."

हे 'शेठ' तो असं काही म्हणायचा की अंगाला काटे टोचावेत. तो तिसगावला नातेवाइकाच्या लग्नाला गेला, तेव्हा मी प्लेट फ्रेमवर ठेवली आणि चारी बाजूंनी, एका दमात, गार होऊ न देता वेल्ड मारून टाकली. का? तो नको म्हणाला होता म्हणून. दुसरं कारण शोधून सापडत नाही. पायांना रंगही दिला. मूर्खपणा करून त्याला रंग देण्याइतका उत्साह माणसात कुठून येतो, देव जाणे.

परत आल्यावर त्याने टेबलाभोवती एक फेरी मारली.

"सुतळी ताणून बघितली का?"

"बघितली. एका सुतात आहे, कुठे उंचसखल नाही."

मी बघितली नव्हती.

"खरं?"

"अरे, माझ्यावर भरोसा नाही का तुझा?"

खोटं बोलणारा हे वाक्य कधी विसरत नाही. त्याने भरोसा ठेवला.

थोड्याच दिवसांत त्याने त्याच्या चर्चच्या आवाराचं गेट करायला घेतलं. काम त्याने आपल्या शब्दावर आणलं होतं. रविवारच्या प्रार्थनेनंतर तो लोकांना सांगत फिरायचा, "बघाच तुमी, कसं हुतंय ते." गेटाची फक्त चौकट त्या टेबलावर वेल्डिंगचे कच्चे टाके मारून जुळवली होती, तेवढ्यात खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा मी करायचो. तो बाहेर चहा पीत उभा राहायचा आणि पेढ्याला बरोबर आत यायचा.

मी टेबलावर नारळ फोडला. पाणी सांडलं आणि चारी बाजूंनी सरकत मधोमध जमलं. डबकंच. प्लेट मध्ये बसली होती. खाली वाकून पाहिलं तर एक कोपराही उचलला होता.

तो दाराबाहेर होता. नुसती हाक मारली असती तरी पुरलं असतं. चौकट सुटी करून सरळ करता आली असती. मी फडक्याने पाणी पुसलं, प्लेटीवर फुलं पसरली आणि ओरडलो, "ये रे, पेढा घे."

मग त्याने त्याच टेबलावर, मावत नव्हतं म्हणून अर्धं अर्धं सरकवत, गेट पक्कं केलं.

बसवायच्या दिवशी चर्चच्या आवारात त्याची सगळी माणसं जमली होती. गेटाच्या दोन्ही झडपा वर जुळल्या, आणि खाली एक झडप बोटभर पुढे. बिजागऱ्या हलवून पाहिल्या. पीळ तो पीळच.

गर्दीतून कोणीतरी विचारलं, "दादा, आत सरळ यायचं का तिरकं?"

सगळे हसले. एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे वळले. "असं कसं झालं हो?"

"याची घाई," मी म्हणालो. "मी सांगत होतो."

भागीदाराने माझ्याकडे पाहिलं. "टेबल सुतात हाय ना?"

"चल शेडवर, आत्ता सगळ्यांसमोर सुतळी लावू. येतोस?"

"नको," तो म्हणाला. माझ्यावर त्याचा भरोसा होता. त्याने आपल्या माणसांपुढे हात जोडले.

त्यानंतर तो जोड पुन्हा पुन्हा मापू लागला. काटकोन बघायचा गुण्या लावायचा, काढायचा, परत लावायचा. माझी टवाळी करणं त्याने सोडलं. एकदा नवा चष्मा घालून आला आणि म्हणाला, "डोळं गेलं वाटतं माझं." मी म्हणालो, "वय होतं रे." असलं औदार्य मला फार स्वस्तात जमायचं. वर्षअखेरीस त्याने वेल्डिंग सोडलं आणि एमआयडीसीत स्टोअरला लागला. तो गेला त्याच आठवड्यात मी ग्राइंडरने वेल्ड कापून प्लेट बोल्टात बसवली. तो सांगत होता तशीच. पुढे गिऱ्हाइकं माझ्या कामाचं कौतुक करायची आणि मी ते ऐकून घ्यायचो.

तो एकदाच भेटला, भिंगारच्या बाजारात, मेथी निवडत.

"डोळ्यांनी घात केला, शेठ," तो म्हणाला. "न्हाईतर तुला वेल्डिंग शिकवलं असतं."

मी हसलो. कांद्यावर बोललो, पावसावर बोललो. त्याने पिशवी उचलली, आणि मी त्याला जाऊ दिलं. मागच्या वर्षी तो वारला. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं, दोष आपल्या डोळ्यांचाच.

बाजारात म्हणायचं होतं ते एवढंच: तुझे डोळे चांगले होते. हातही. टेबल मी वाकवलं, मला ते माहीत होतं, आणि तुझ्या माणसांसमोर मी तुझ्यावर ढकललं. मला माफ कर.