डब्याच्या तळातली चित्रं

सातवीतनं माझी शाळा सुटली ती कायमचीच. गेली एकोणीस वर्षं मी पुण्यात एका छापखान्यात बाइंडिंगला आहे. छापून आलेल्या कागदांना घड्या घालायच्या, पानं क्रमानं जुळवायची, पिना मारायच्या, कडा कापायच्या. मालकांनी उन्हातनं सावलीत आणलं, हाताला काम दिलं, त्यांचे उपकार आहेत. पुस्तकं हातातनं हजारोंनी गेली, पण पुस्तकं करणाऱ्या माणसांच्या शेजारी खुर्चीवर बसायची वेळ एकदाच आली. तेव्हा मी जसा वागलो ते इथं लिहितोय.

त्याआधी डब्याचं सांगायला हवं.

माझं गाव लोहाऱ्याच्या पुढं, जीपनं अर्धा तास. माय तिथं धाकट्या भावाकडं असते. तिच्याजवळ फोन नाही. फोन भावजयीचा, आणि ती स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाही. त्यामुळं आमचं बोलणं ठरलेलं. जेवलास का, जेवले, ऊन लई हाय, बरं ठेवू का. मनातलं काही स्पीकरवर बोलता येत नाही. माय शाळेची पायरी चढलेली नाही, त्यामुळं लिहायचाही प्रश्न नाही.

पण महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याला येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं ती एक स्टीलचा डबा देते. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कधी धपाटे. आणि गेल्या सहा वर्षांपासनं त्या डब्याच्या तळाला जुन्या कॅलेंडरचं एक पान असतं, पाठकोरं. तीनदा घडी घालून उघडलं की त्याच्यावर आठ चौकटी पडतात. त्या चौकटींत निळ्या पेनानं चित्रं. शेळी व्यायला झाली. दोन पिलं झाली. एक उठेना. मायनं त्याला पदरात घेतलंय. मग पदर रिकामा आणि अंगणात एकच पिलू. असं. एका पानावर सगळी जेवायला गोल बसलेली होती आणि एक बाई ताट घेऊन उंबऱ्यावर, सगळ्यांची पाठ तिच्याकडं. ते पान बघून मी दोन दिवस नीट जेवलो नाही, पण फोनवर विचारलं नाही. तीही बोलली नाही.

सात चौकटी भरलेल्या असायच्या, आठवी रिकामी. मला वाटायचं, गोष्ट संपली, कागद उरला. पानं मी जपून ठेवायचो. डबा घासून, पुसून त्याच ड्रायव्हरच्या हाती परत द्यायचो.

आता ताईंचं. त्या कॉमिकची पुस्तकं काढतात, चित्रंही त्यांची आणि गोष्टही त्यांचीच. बाइंडिंगला आमच्याकडं येतात. एकदा त्यांचं पुस्तक जुळवताना मी थांबलो आणि म्हणालो, "ताई, या पानावर बाईच्या कमरेवर घागर हाय, फुडच्या पानावर न्हाय. मधलं पान ऱ्हायलंय तुमचं." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. खरंच एक पान छापायला द्यायचं राहिलं होतं. तेव्हापासनं त्या कुणालाही सांगायच्या, "हे दादा माझे पहिले वाचक." मला फार लाज वाटायची आणि फार बरंही वाटायचं.

पुण्यात कॉमिकवाल्यांचं मोठं संमेलन भरलं तेव्हा त्यांनी मला पास आणून दिला. "रविवारी यायचंच, दादा. आपलं पुस्तक आहे तिथं." आपलं म्हणाल्या. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मायची चार पानं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली. ताईंना दाखवावीत, एवढंच मनात होतं. हे मी शपथेवर सांगतो.

हॉलमध्ये शिरलो आणि घाबरलोच. कॉमिकमधल्या पात्रांची सोंगं घेऊन आलेली माणसं, कुणी तोंड हिरवं रंगवलेलं, कुणी अंगभर चिलखत घातलेलं. एका पोरीच्या पुठ्ठ्याच्या पंखाला माझा धक्का लागला, मी तिला तीनदा सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "काका, इट्स ओके, तो आधीच तुटलाय." गळ्यातला पास मी दर दहा पावलांनी चाचपत होतो. कुणीतरी हटकेल आणि विचारेल, तुमचं इथं काय काम, असं सारखं वाटत होतं.

ताईंच्या टेबलाशी त्यांच्यासोबत एक वयस्कर चित्रकार बसले होते. पांढरी दाढी, बाहेरगावचे, हिंदी बोलणारे. त्यांच्या सहीसाठी रांग लागली होती. ताईंनी माझी ओळख करून दिली, मी फोल्डर पुढं केला. ताईंच्या आधी त्या चित्रकारांनीच घेतला. एक पान बघितलं, दुसरं बघितलं, मग चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला. रांगेतली पोरं वाकून बघायला लागली.

"ये किसने बनाया है?"

माय म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण त्याच क्षणी पुढचं सगळं दिसलं. आई काय करते, किती शिकली, कुठलं गाव, ते कुठं आलं. आणि मग चेहऱ्यावर येणारी ती कीव, जी मी एकोणीस वर्षं ओळखतो. हे एक. दुसरं हे, की ते अजून माझ्याकडं बघत होते, आणि तसं माझ्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"मैंने," मी म्हणालो.

ताईंनी मान वर केली. "दादा, तुम्ही?"

"व्हय. असंच. येळ मिळाला की."

त्यांचा चेहरा एवढा खुलला की मला तेव्हाच मागं फिरायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं बोलला नाहीत! चार वाजता आमचं चर्चासत्र आहे, शब्दांवाचून गोष्ट कशी सांगायची याच्यावर. तुम्ही आमच्यासोबत बसायचं." मी नको नको म्हणालो. त्यांना तो माझा साधेपणा वाटला.

स्टेजवर दोनच खुर्च्या होत्या. ताई स्वतः खाली गेल्या आणि माझ्यासाठी तिसरी उचलून आणली. मोबाइलवर काढलेले पानांचे फोटो मागच्या पडद्यावर लागले. आमचं अंगण तेवढं मोठं मी कधी बघितलं नव्हतं. बाईच्या टाचेच्या भेगासुद्धा मायनं काढल्या होत्या, आणि त्या मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्या. ज्याची चित्रं म्हणून टाळ्या पडत होत्या त्यालाच.

एका मुलानं विचारलं, "सर, सगळ्या चित्रांत ही एकच बाई आहे. ही कोण?"

"आमच्याकडची एक बाई," मी म्हणालो.

माईक होता, त्यामुळं माझंच वाक्य हॉलभर फिरून माझ्या कानावर आलं. एक बाई.

मग पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "प्रत्येक पानावर शेवटची चौकट रिकामी आहे. ती मुद्दाम सोडली आहे ना?"

मला काय ठाऊक. मी दोन वेळा पाणी प्यालो आणि ताईंनी मघाशी जे काहीबाही सांगितलं होतं त्यातलंच एक वाक्य फिरवून म्हणालो, "ती वाचणाऱ्यानं भरायची." केवढ्या टाळ्या पडल्या. दाढीवाल्यांनी माझ्या मांडीवर थोपटलं.

खाली उतरल्यावर ती मुलगी वही घेऊन आली. "सर, ती शेळी काढून द्या ना, छोटीशी."

"अंगठ्याला कटर लागलंय," मी म्हणालो आणि चांगला धडधाकट अंगठा मुठीत लपवला. ताईंचा निरोपही न घेता बाहेर पडलो.

बस स्टॉपवर ऊन होतं. मी घरी फोन लावला.

"बोला भाऊजी," भावजय म्हणाली. "आत्याबाई इथंच हायेत, शेंगा फोडायलेत. स्पीकर लावते."

"माय, जेवलीस का?"

"जेवले. तू?"

"माय, ते तू कागदावर काढतीस ना. त्यातली शेवटची चौकट रिकामी कामून सोडतीस?"

हे स्पीकरवर विचारायचं नव्हतं, ते विचारून झाल्यावर कळलं. पलीकडनं नुसता शेंगा फुटल्याचा आवाज. मग माय म्हणाली, "ऱ्हाती जागा. काय न्हाय तसं."

भावजय हसायला लागली. "काय न्हाय कसं? भाऊजी, काय काढतेत ते आमाला दाखवत न्हाईत, पर ती जागा तुमच्यासाठी ठिवतेत, येवढं मला ठाव हाय. तुमी तुमच्याकडचं काय तरी काढून धाडचाल म्हणून. डबा आला की आधी तळात हात घालून बघतेत. मी म्हणते, आत्याबाई, पुण्याचा माणूस हाय त्यो, त्याला कुठला येळ!"

"गप गं तू," माय म्हणाली. "त्याला काम असतंय."

आमच्याकडं शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही. लहानपणी एकदा मी शेजारची वाटी नुसती धुऊन द्यायला निघालो होतो, तर मायनं अर्ध्या वाटेतनं मागं बोलावलं, आत गुळाचा खडा टाकला आणि मग सोडलं. त्याच मायचा डबा मी सहा वर्षं लख्ख घासून परत पाठवत होतो. आणि जी चौकट माझ्यासाठी होती, तिच्यावर दोनशे माणसांच्या टाळ्या घेऊन आलो होतो.

सोमवारी ताई छापखान्यात आल्या. "सोळा पानांची पुस्तिका करू, दादा. कागद मी घेते. कव्हरवर नाव कसं टाकू, पूर्ण?"

मी पिनांचं मशीन बंद केलं. "ताई, ती चित्रं माझ्या मायची हायेत."

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, "मग काल?"

"काल खोटं बोललो."

"आणि ती बाई?"

"मायच हाय ती."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. टेबलावर छापील कागदाचा एक फर्मा घडी घालायचा राहिला होता, तो त्यांनी सरळ केला. "मी स्वतः खुर्ची आणली होती, दादा," एवढंच म्हणाल्या. मग तो बाजूला ठेवून, "आईंना विचारा. त्या हो म्हणाल्या तर त्यांच्या नावानं करू. नाही म्हणाल्या तर राहू दे." एरवी निघताना त्या "येते दादा" म्हणतात. त्या दिवशी नुसतं "येते" म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी मायचं शेवटचं आलेलं पान पिशवीतनं काढलं आणि आठव्या चौकटीत पेन टेकवलं. मला काहीच काढता येत नाही. तीन खुर्च्या काढल्या, त्या स्टुलासारख्या झाल्या. दोन खुर्च्यांवर नुसते गोल काढले. तिसरीवर मी, छातीवर हात ठेवलेला. हे माझं, असं म्हणणारा माणूस दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं काढायचा ते सुचलं नाही. मागं पडदा, आणि पडद्यावर माय. तिचा पदर जमेना. व्हाइटनर लावून लावून तिथला कागद पापुद्र्यासारखा झाला. ते पान डब्याच्या तळाला घातलं आणि ड्रायव्हरला दोनदा सांगितलं, डबा उलटा करू नका.

पुढचा डबा महिन्याभरानं आला. भाकरी बाजूला करून मी आधी तळात हात घातला. पहिल्या चौकटीत माय डब्यात वाकलेली. दुसरीत ती कागद घेऊन दाराच्या उजेडात उभी. तिसरीत तिनं माझंच चित्र पुन्हा काढलं होतं, मला जमलं त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं. त्याच तीन खुर्च्या, तोच पडदा. फक्त माझा हात छातीवर नव्हता. तिनं तो खाली, मांडीवर ठेवला होता. पडद्यावर स्वतःला काढलं नव्हतं, तिथं शेळी होती. बाकीच्या चार चौकटींत पाण्याची मोटार बिघडल्याची हकिगत.

पुस्तकाचं अजून विचारलेलं नाही. ते स्पीकरवर विचारायचं नाही, समोर बसूनच विचारायचं, आणि आधी काय केलं ते सांगून. सुट्टीचा अर्ज मालकांकडं दिलाय. त्या चित्राचा अर्थ न कळल्यामुळं तिनं हात खाली घेतला, की कळल्यामुळं, ते मात्र समोर बसूनही विचारता येईल असं वाटत नाही.

आठवी चौकट रिकामी आहे. ड्रायव्हर शनिवारी निघतो.